पेशीला तिचा पत्ता कोण सांगतं? : फळमाशीच्या पंखाची गोष्ट



दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा पाठ सुरू झाला, डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन असं प्रतिलेखन-भाषांतरण फळ्यावर काढून झालं, की दरवर्षी कुणीतरी हात वर करतंच. "सर, शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए सारखाच ना? मग नाकाच्या जागी नाक आणि बोटाच्या जागी बोटच कसं काय येतं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि पुस्तकातल्या त्या एका पाठात त्याचं उत्तर पूर्ण मिळत नाही.

यंदा तास संपल्यावर एक मुलगी मागं थांबली. तिच्या घरी नुकतंच बाळ झालंय. त्याच्या एका हाताला अंगठ्याशेजारी आणखी एक लहानसं बोट आहे. ती हळूच म्हणाली, "सर, गल्लीतल्या बाया म्हणतात, मम्मीनं गिऱ्हाणात भाजी चिरली म्हणून असं झालं. मम्मी रोज रडते. खरंय का हे?"

मी "नाही" म्हणालो. पण नुसतं "नाही" म्हणून भागत नाही. का नाही, तेही सांगता आलं पाहिजे. ते सांगायला एका तासाची दहा मिनिटं पुरली नाहीत, म्हणून हा लेख. आणि गंमत अशी, की त्या बाळाच्या बोटापर्यंत पोचायचं तर आधी पिकलेल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या एका चिमुकल्या माशीकडे जावं लागतं.

कोणती माशी?

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे शेतकऱ्याला 'फळमाशी' म्हटलं की आंबा, दोडका, कारलं यांना डंख मारणारी माशी आठवते. तिच्यासाठी आपण शेतात कामगंध सापळे लावतो. ती माशी वेगळी, तिचं कूळही वेगळं. आपली आजची माशी म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगास्टर. जळगावकडून आलेली केळी दोन दिवस टोपलीत राहिली की त्यांच्यावर जी बारकी, लाल डोळ्यांची चिलटं जमतात, त्यांत ती असते. लांबी जेमतेम 3 मिलिमीटर. ती चांगलं फळ फोडत नाही, आंबायला लागलेल्या फळावर येते.

प्रयोगशाळेत 25 अंश सेल्सियसला अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला फक्त दहा दिवस लागतात. एका बाटलीत शेकडो माश्या वाढतात. म्हणून शंभराहून जास्त वर्षं शास्त्रज्ञ हिच्यावर काम करताहेत. जनुकं गुणसूत्रांवर असतात हे टॉमस हंट मॉर्गन यांनी हिच्याच मदतीनं दाखवलं. त्यांना 1933 साली नोबेल मिळालं. पुढे शरीराचा आराखडा जनुकं कसा आखतात, या कामासाठी एडवर्ड लुईस, क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस या तिघांना 1995 चं नोबेल मिळालं. तेही याच माशीवरचं काम.

पुस्तक एकच, उघडलेलं पान वेगळं

आता मूळ प्रश्न. प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, हे खरं. पण सगळी जनुकं सगळीकडे चालू नसतात. एकच जाडजूड पुस्तक वर्गातल्या प्रत्येकाच्या हातात आहे, पण कुणी चौथं पान उघडलंय, कुणी चाळिसावं, असं समजा. डोळ्याच्या पेशी आपली पानं वाचतात, स्नायूच्या पेशी आपली. जनुक 'वाचलं' जाणं, म्हणजे त्यावरून आरएनए आणि मग प्रथिन तयार होणं, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. कोणतं पान उघडायचं, हे पेशीला कसं कळतं? तिला डोळे नाहीत. आपण पंखाच्या मधोमध आहोत की कडेला, हे तिला कोण सांगतं?

ठसक्यावरून अंतर

हे समजायला आपल्या घरात चला. आई चुलीवर ठेच्यासाठी मिरच्या भाजतेय. चुलीजवळ बसलेल्याला जोराचा ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. ओसरीवर बसलेल्या आजोबांना एखादी शिंक येते. अंगणात खेळणाऱ्या पोराला नुसता वास येतो. आता तुमचे डोळे बांधून तुम्हाला घरात कुठंही उभं केलं, तरी ठसका, शिंक की नुसता वास, यावरून तुम्ही चुलीपासून किती लांब आहात ते सांगाल. बरोबर?

पेशी नेमकं हेच करते. काही पेशी एक प्रथिन तयार करून बाहेर सोडतात. ते आजूबाजूला पसरतं. उगमाजवळ ते दाट असतं, लांब जावं तसं विरळ होत जातं. या दाट-विरळपणाच्या उताराला पुस्तकी भाषेत प्रवणता म्हणतात. आपण साधं 'उतार' म्हणू. पेशी आपल्या अंगाशी आलेलं प्रथिन किती आहे ते 'मोजते' आणि त्याप्रमाणे जनुकं चालू-बंद करते. आकार घडवणाऱ्या अशा पदार्थाला 'मॉर्फोजेन' हे नाव 1952 साली ॲलन ट्युरिंग यांनी दिलं. होय, संगणकवाले तेच ट्युरिंग!

1969 मध्ये लुईस वोल्पर्ट यांनी ही कल्पना झेंड्याच्या उदाहरणानं मांडली. त्यांनी फ्रान्सचा तीन पट्ट्यांचा झेंडा घेतला, आपण तिरंगा घेऊ. एका कडेला मॉर्फोजेनचा उगम आहे असं समजा. भरपूर मॉर्फोजेन मिळालेल्या पेशी केशरी होतील, मध्यम मिळालेल्या पांढऱ्या, अगदी कमी मिळालेल्या हिरव्या. उतार एकच आणि सलग, पण त्यातून स्पष्ट वेगळे तीन पट्टे उठले. शाळेतला मोठा कापडी झेंडा घ्या किंवा पोरांच्या हातातला कागदी, पट्ट्यांचं प्रमाण तेच. आकार लहान-मोठा झाला तरी प्रमाण बिघडू द्यायचं नाही, ही अवघड गोष्ट शरीरही करतं.

पंखाची चकती

आता ही कल्पना खऱ्या पंखात बघू. माशीचा पंख कोषात असताना अचानक उगवत नाही. अळीच्या पोटातच पेशींची एक चपटी पिशवी असते, तिला पंखाची चकती म्हणू. सुरुवातीला तिच्यात जेमतेम 30 ते 50 पेशी असतात. अळी चार दिवस खात-वाढत असते, तेवढ्यात त्या पेशी 30 ते 50 हजारांच्या घरात जातात. कोषात गेल्यावर ही चकती उलगडते आणि तिचा पंख होतो. म्हणजे पंखाचा नकाशा अळीच्या पोटातच आखून झालेला असतो!

नकाशा आखण्याचं काम पायरीपायरीनं चालतं. नावं जरा विचित्र आहेत, घाबरू नका.

पायरी पहिली. चकतीचे दोन भाग असतात, पुढचा आणि मागचा. मागच्या भागातल्या पेशींत एन्ग्रेल्ड नावाचं जनुक चालू असतं, पुढच्या भागात ते जवळपास बंद असतं.

पायरी दुसरी. मागच्या भागातल्या पेशी हेजहॉग नावाचं प्रथिन सोडतात. हेजहॉग म्हणजे अंगभर काटे असलेला एक छोटा प्राणी. हे जनुक बिघडलं की अळीच्या अंगावर तसेच काटे दाटतात, म्हणून हे नाव. हेजहॉग सीमा ओलांडून पुढच्या भागात जातं, पण फार लांब नाही, साधारण आठ-दहा पेशींपर्यंतच.

पायरी तिसरी. तेवढ्या अरुंद पट्ट्यातल्या पेशी हेजहॉगचा निरोप ऐकून दुसरं प्रथिन तयार करतात. त्याचं नाव डेकापेंटाप्लेजिक, सगळे त्याला डीपीपी म्हणतात. चकतीच्या मधोमध हा डीपीपीचा उगम. तिथून डीपीपी दोन्ही बाजूंना पसरतं आणि कडेकडे विरळ होत जातं. हाच आपला मुख्य उतार.

पायरी चौथी. पेशी हा उतार वाचतात. एक हिशोब करून बघू, आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. उगमाशी डीपीपी 100 आहे आणि दर 10 पेशींनंतर ते निम्मं होतं. म्हणजे 10 पेशींवर 50, 20 पेशींवर 25, 30 पेशींवर साडेबारा. आता स्पाल्ट नावाचं जनुक चालू व्हायला किमान 50 लागतं आणि ओएमबी नावाच्या जनुकाला 25 पुरतं. मग स्पाल्टचा पट्टा उगमापासून 10 पेशी रुंद होईल आणि ओएमबीचा 20 पेशी. खऱ्या चकतीतही असंच दिसतं. स्पाल्टचा पट्टा अरुंद, ओएमबीचा रुंद, दोन्ही मध्यावर.

इथं एक गंमत आहे. डीपीपी ही जनुकं थेट चालू करतं त्यापेक्षा ब्रिंकर नावाच्या अडवणाऱ्या वॉचमनला बाजूला सारतं. डीपीपी जास्त तिथं वॉचमन गायब, गेट उघडं. कडेला डीपीपी कमी, तिथं वॉचमन हजर, गेट बंद.

पायरी पाचवी. या पट्ट्यांच्या सीमांवर पंखाच्या शिरा उभ्या राहतात. माशीच्या पंखात लांबीच्या पाच ठळक शिरा असतात. दुसरी शीर स्पाल्टच्या पुढच्या कडेला उमटते. पाचवी शीर मागच्या बाजूला, ओएमबी आणि ब्रिंकर जिथं भेटतात तिथं उमटते. तिसरी आणि चौथी शीर मध्यावर, हेजहॉगच्या हुकमानं. म्हणजे अळीच्या पोटात जो अदृश्य उतार होता, तो माशीच्या पंखावर शिरांच्या रूपानं कायमचा लिहिला जातो.

हे खरं कशावरून? 1994 मध्ये बास्लर आणि स्ट्रुल या शास्त्रज्ञांनी हेजहॉग मुद्दाम चुकीच्या जागी, चकतीच्या पुढच्या भागात चालू केलं. तिथं नवा उगम तयार झाला आणि पंखाचा पुढचा भाग आरशातल्या प्रतिमेसारखा दुप्पट झाला. जनुक नवं नव्हतं, बिघडलेलंही नव्हतं. फक्त त्याची जागा बदलली होती. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दिल्लीत सापडलेली बिनपंखी माशी

पुढचा-मागचा भाग झाला. वरचा आणि खालचा पृष्ठभाग ठरवायला दुसरी व्यवस्था आहे. त्या दोन पृष्ठभागांच्या सीमेवर, म्हणजे पंखाच्या कडेवर, विंगलेस नावाचं प्रथिन तयार होतं.

या नावामागं आपल्या देशाची गोष्ट आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांना 1973 साली काही विचित्र माश्या आढळल्या. कुणाला एक पंख नाही, कुणाला दोन्ही नाहीत. त्यांनी या बदलाला नाव दिलं 'विंगलेस', म्हणजे बिनपंखी. 1976 मध्ये त्यांनी आणि व्ही. एल. चोप्रा यांनी त्याचा सविस्तर अभ्यास छापला. पुढे 1982 मध्ये अमेरिकेत उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात एक जनुक सापडलं, आणि 1987 मध्ये कळलं की ते म्हणजे माशीच्या विंगलेसचंच उंदरातलं रूप! आज या कुटुंबाला 'विंट' म्हणतात. माणसाच्या आतड्याच्या कर्करोगात याच मार्गातला बिघाड फार वेळा दिसतो. पंख नसलेल्या माशीपासून कर्करोगापर्यंत रस्ता जाईल, असं तेव्हा कुणाला वाटलं असेल?

टेलला पाणी का पोचत नाही?

माशी द्विपंखी कीटक आहे. बाकीच्या बहुतेक उडणाऱ्या कीटकांना चार पंख असतात. मग माशीचे मागचे दोन कुठं गेले? ते आहेत, पण त्यांच्या जागी दोन छोट्या गाठी आहेत. त्यांना हॉल्टिअर म्हणतात. उडताना माशीचा तोल त्या सांभाळतात. मागच्या चकतीत अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं जनुक चालू असतं, म्हणून तिथं पंखाऐवजी हॉल्टिअर होतं. लुईस यांनी हे जनुक त्या जागी बंद पाडून चक्क चार पंखांची माशी तयार केली होती.

एकच जनुक पंखाची गाठ कसं करतं? या कोड्यावर आपल्याकडे बराच काळ काम झालंय. एल. एस. शशिधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आधी हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये हा अभ्यास केला. अल्ट्राबायथोरॅक्स हे डीपीपी आणि विंगलेस या दोन्ही उतारांत हात घालतं, असं त्यांच्या आणि परदेशातल्या इतर गटांच्या कामातून दिसलं.

त्यातला एक भाग शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळेल. डीपीपी पकडायला पेशीवर एक ग्राहक प्रथिन असतं. हॉल्टिअरच्या चकतीत हे ग्राहक जास्त असतात. त्यामुळे डीपीपी उगमाजवळच पकडलं जातं, पुढं सरकत नाही. चारीच्या तोंडाशीच सगळ्यांनी पाणी वळवून घेतलं तर टेलच्या शेताला काय मिळणार? तसंच इथं होतं. उतार आखडतो, आणि हॉल्टिअर लहान राहायला ते एक कारण ठरतं.

गोष्ट अजून संपलेली नाही

पुस्तकातली आकृती बघून वाटतं, सगळं कळून चुकलंय. तसं नाही. 2014 मध्ये लंडनच्या एका गटानं विंगलेस प्रथिन पेशीच्या आवरणालाच बांधून टाकलं, म्हणजे ते लांब पसरूच शकणार नाही. अंदाज होता की पंखच होणार नाहीत. झालं उलटं. त्या माश्या जगल्या आणि त्यांचे पंख जवळजवळ नेहमीसारखे झाले! म्हणजे विंगलेसला वाटलं होतं तितकं लांब जाण्याची गरज नसावी. डीपीपीचं मात्र तसं नाही. 2015 मध्ये त्याला वाटेत अडवून पाहिलं, तेव्हा पट्ट्यांची आखणी बिघडली, पण कडेच्या पेशींची वाढ बरीचशी चालू राहिली. आखणीला उतार लागतो, पण वाढीला तो किती लागतो, यावर वाद चालू आहे. विज्ञान असंच पुढं जातं.

पुन्हा त्या बोटाकडे

माणसाला पंख नाहीत. पण हेजहॉगचं भावंड आपल्यात आहे. त्याचं नाव सॉनिक हेजहॉग. गर्भाचा हात म्हणजे सुरुवातीला एक बारकी कळी असते. तिच्या करंगळीकडच्या बाजूला सॉनिक हेजहॉग तयार होतं आणि अंगठ्याकडे विरळ होत जातं. भरपूर मिळालं तिकडे करंगळी, अगदी कमी तिकडे अंगठा. कोंबडीच्या पिल्लाच्या कळीत ही करंगळीकडची ऊती दुसऱ्या कडेलाही बसवली, तर आरशातल्यासारखी दुप्पट बोटं येतात, हे 1968 मध्येच दिसलं होतं.

या जनुकाला हातात कुठं चालू व्हायचं हे सांगणारं एक बटण आहे. ते जनुकापासून डीएनएवर सुमारे 10 लाख अक्षरं दूर आहे. काही कुटुंबांत या बटणात एका अक्षराचा बदल असतो. मग सॉनिक हेजहॉग अंगठ्याच्या बाजूलाही थोडं चालू होतं, आणि तिथं जास्तीचं बोट येतं. आठवतं ना ते वाक्य? जनुक नवं नाही, बिघडलेलंही नाही. फक्त त्याची जागा बदलली.

जास्तीच्या बोटाची कारणं आणखीही असतात, आणि त्या बाळाच्या बाबतीत नेमकं कोणतं हे डॉक्टरच तपासून सांगू शकतील. पण दोन गोष्टी पक्क्या आहेत. पहिली, बोटांची आखणी गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात होऊन जाते. कित्येक आयांना तेव्हा दिवस गेल्याचंही धड कळलेलं नसतं. सातव्या महिन्यात भाजी चिरली काय आणि न चिरली काय, बोटं केव्हाच आखून झालेली असतात. दुसरी, ग्रहण म्हणजे सावली. सावली किंवा विळी त्या प्रथिनांच्या उतारापर्यंत पोचत नाही. गर्भाला खरंच अपाय करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: दारू, तंबाखू, डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या गोळ्या. जपायचं तर त्यांच्यापासून जपावं.

तेव्हा बाळा, घरी गेल्यावर मम्मीला सांग, तुझं काही चुकलेलं नाही. आणि गल्लीतल्या मावशी-काकूंशी भांडू नकोस. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तू सांग. जमलं तर केळ्यावरची माशी दाखवून सांग.

थोडक्यात

1. सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात, कोणती चालू आहेत यावर पेशीचं काम ठरतं.
2. मॉर्फोजेनचा उतार पेशीला तिची जागा सांगतो.
3. पंखात हेजहॉग, डीपीपी आणि विंगलेस ही महत्त्वाची निरोप्या प्रथिनं आहेत.
4. जनुक योग्य जागी चालू होणं हे जनुक असण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

करून बघा

काचेच्या बाटलीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवा. तोंडाला कागदाचं नरसाळं बसवा, खालचं भोक बारीक ठेवा. दोन दिवसांत चिलटं आत येतील. काचेतूनच भिंगानं पंख बघा. किती शिरा मोजता येतात? हॉल्टिअर बघायचं तर मेलेला मोठा डास भिंगाखाली धरा, पंखांच्या मागं दोन टाचणीसारख्या गाठी दिसतील. बघून झालं की माश्या सोडून द्या.

स्वाध्याय

1. वरच्या हिशोबात डीपीपीचा उगम दुप्पट, म्हणजे 200 केला, तर स्पाल्टचा पट्टा किती पेशी रुंद होईल?
2. हॉल्टिअर लहान का राहतं? चारीच्या पाण्याच्या उदाहरणानं सांगा.
3. तुमच्या घरात किंवा गावात ग्रहणाबद्दल काय काय सांगतात? त्यातली एक समजूत घ्या आणि ती तपासायची तर काय करावं लागेल, ते पाच ओळींत लिहा.

उत्तरं वहीत लिहून आणा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 20 आलं असेल तर तुम्हाला उतार कळला!